हातचा

एल्यास पीरायनेननं आयुष्यात एकदाच बंदूक झाडली,
शिकाऊ असताना, बर्चच्या खोडाला टाचलेल्या पुठ्ठ्यावर,
आणि नेम चुकला.
नंतरची एकतीस वर्षं त्याच्या हातात पेन्सिल.

मी त्याचा कारकून. फुप्फुसं अधू,
म्हणून आघाडीला नको झालेला.
कोन्तिओमाकीच्या रेल्वे यार्डात, उणे अडतीसमध्ये
दौतीतली शाई गोठायची.
मेजर विचारायचा, "घोड्याला रोजचं गवत किती?"
"आठ किलो."
"आणि ते गवत ओढत नेणारा घोडा?
तो वाटेत उपाशी चालतो का?"
अशी त्यानं मला पुन्हा वजाबाकी शिकवली.
निघतं तेवढं कधीच पोचत नाही.

त्याच्या नकाशावर बाण नव्हते.
कुठल्या तळ्यावर बर्फ किती बोटं जाड,
कुठल्या गावची भट्टी रात्रभर पेटती राहील,
कुठल्या म्हातारीच्या गोठ्यात चार घोडे मावतील
आणि ती कुरकुरेल किती,
हे सगळं बारीक अक्षरात.

स्लेज वर जायच्या पाव, मोजे, रॉकेल घेऊन.
खाली येताना रिकाम्या यायच्या नाहीत.
आमच्याकडे मेलेल्याला त्याच्या गावी पोचवतात,
त्याच्या चर्चच्या आवारात, त्याच्या माणसांशेजारी.
त्यासाठी फॉर्म नव्हता.
मेजरनं पावाच्याच फॉर्मवर "पाव" खोडून
गावाचं नाव लिहायला लावलं.
फळ्या मोजल्या, खिळे मोजले,
एकाचीही गाडी चुकू दिली नाही.

सगळं वाटून झालं तरी
एक स्लेज, एक घोडा, थोडा माल
तो कुठल्याच रकान्यात धरायचा नाही.
"हातचा," म्हणायचा.

जानेवारीत तिसऱ्या कंपनीचा फोन आला:
नमद्याचे बूट, साठ जोड, आजच्या आज.
हातच्यात नव्वद होते. मीच मोजले होते.
"नाहीत," मेजर म्हणाला.
रिसीव्हर ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढत बसला,
टोक असलेल्याच पेन्सिलीला.

पाचव्या दिवशी रस्ता तुटला, दुसरीच एक कंपनी
जंगलात अडकली. नव्वद जोड रात्रीतून गेले.
ती माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली.
ताळा जुळला.
तिसऱ्या कंपनीचा ताळा त्यानं मांडला नाही,
निदान माझ्यासमोर तरी.

शांततेत बढत्या मिळाल्या. कर्नल झाला,
गोदामं बांधली, पोरांना शिकवलं,
एकदा निळ्या टोप्यांबरोबर वाळवंटातही गेला
पाण्याच्या टाक्यांची सोय लावायला.
तिथून कार्ड आलं, दोनच ओळींचं:
इथे बर्फाच्या जागी वाळू.
घोड्याऐवजी ट्रक तहानतो.

परवा त्याला पुरला.
लेंपीच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याखाली,
त्यानंच करून ठेवलेली यादी होती:
माणसं चाळीस, कप पंचेचाळीस,
गोड पाव माणशी दोन, पाद्र्याला तीन.

एकेचाळिसावा माणूस उशिरा आला.
काठी, आणि बुटांच्या पुढच्या भागात कागद कोंबलेला,
चालताना कुरकुर वाजणारा.
विल्यो सेप्पानेन. तिसरी कंपनी.
मी नाव ओळखलं, चेहरा कधी पाहिलाच नव्हता.
तो माझ्याशेजारी बसला. बराच वेळ
खिडकीबाहेरच्या लाकडांच्या थप्पीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "बूट होते का, तेव्हा?"

मी कारकून. आयुष्यभर
विचारलेल्या आकड्याचं उत्तर देत आलो.
"होते," म्हणालो. "नव्वद."
"कुणी घातले?"
तेही सांगितलं.

त्यानं साखरेचा खडा दातांत धरला,
त्यातून कॉफी ओढली, सावकाश, तळापर्यंत.
"पातळ आहे," म्हणाला,
आणि कप पुढे केला.

मी पाचांतला एक उचलून, स्वच्छ,
काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला.